संदर्भ : मनुबाई

क्रांतीच्या वहीत लाल शाईचं एक प्रश्नचिन्ह उमटलं आणि मनुबाईच्या घरात दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास सुखानं उतरला नाही.

क्रांती ही तिची नात, सातवीतली. सांगलीहून शाळेत नव्यानं आलेल्या विजयमाला मॅडमनी वर्गाला काम घातलं होतं. आपल्या भागातली एक मोठी घटना निवडायची, घरातल्या जुन्या माणसाला विचारायचं, मग वाचनालयात जाऊन ते पुस्तकात ताडून पाहायचं, आपल्या शब्दांत लिहायचं आणि कुठून घेतलं तेही शेवटी लिहायचं. इतर पोरांनी हे काम एका संध्याकाळात उरकलं. मोबाइल उघडला, पहिलं दिसलं ते उतरवलं. एकानं तर खाली आलेली घराच्या रंगाची जाहिरातही इमानेइतबारे लिहून काढली आणि वर 'महापूर' असं शीर्षक दिलं.

क्रांतीनं आजीला विचारलं. मनुबाईचं माहेर कोयनानगरच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. मोठा भूकंप झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्या पहाटेची हकिकत आष्ट्याजवळच्या या सासरच्या गावात ऐकली नाही असा माणूस नव्हता. भांगलणीत, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, जिथं दोन कान मोकळे दिसले तिथं तिनं ती सांगितली होती. "जमीन हालली, धरण फुटलं, पाणी घरात शिरलं. बापानं मला खांद्यावर टाकलं आन डोंगरावर पळाला. माजं पाय गुडघ्यापत्तोर भिजलं हुतं." या हकिकतीपायी गावानं तिचं नाव धरणवाली पाडलं होतं, आणि ते नाव ती दागिन्यासारखं मिरवायची.

क्रांतीनं सगळं नीट लिहिलं. मॅडमनी बाकी कुठंही हात लावला नाही. 'धरण फुटले' या दोन शब्दांशेजारी मात्र विळ्यासारखं वाकडं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढं लिहिलं, 'संदर्भ?'

"संदर्भ म्हंजे काय गं?" मनुबाईनं विचारलं.

"म्हंजे ह्ये खरं कशावरनं."

थापत आलेली भाकरी मनुबाईनं परातीत आपटली. "कशावरनं? माज्यावरनं! माजं पाय भिजलं का तिचं?"

"आज्जी, तसं न्हवं. मॅडम म्हणत्यात, माणसाचं सांगणं घ्यायचंच, पण ताडून बघायचं."

"मॅडमचं लगीन झालंय का?"

"झालंय की."

"मग म्हणावं, घरात बसलाय त्यो नवराच हाय का, ह्ये बी एकदा पुस्तकात ताडून बघ."

क्रांती हसली नाही. पोरगी आजीच्याच वळणाची, एकदा मनात आलं की मागं हटणारी नव्हती. शनिवारी वही परत द्यायची होती, आणि प्रश्नचिन्ह तसंच ठेवून ती देणार नव्हती. मनुबाईलाही ते सोसणारं नव्हतं. उभ्या गावासमोर आपण इतकी वर्षं सांगत आलो आणि कालची आलेली बाई शाईच्या एका फटकाऱ्यानं विचारते, कशावरनं? तिनं ठरवलं, या बाईच्या तोंडावर पुस्तकच फेकायचं.

पुस्तक वाचायचं म्हणजे तिला येत होतं, हेही सांगायला हवं. क्रांती पहिलीत असताना आजी आणि नात एकाच पाटीवर शिकल्या. नात पुढं गेली, आजी मात्र बोटानं अक्षर दाबून, ओठ हलवून वाचायची ती अजून तशीच वाचते. शिकल्याचा पहिला पश्चात्ताप तिला चौकातच झाला. तोवर ती तिथल्या भल्यामोठ्या फलकावरचा माणूस कुणीतरी देशासाठी मेलेला असेल असं समजून जाता-येता हात जोडायची. अक्षरं आल्यावर कळलं, तो जयराज आहे, जिवंत आहे आणि त्याचा वाढदिवस आहे.

हाच जयराज गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष. वाचनालयाची इमारत झकास. दारात संगमरवरी दगड, दगडावर इतकी नावं, की गावात कुणाला वाचनाचा नाद असलाच तर तेवढ्या दगडावर वर्ष निघावं. आत काय आहे ते मात्र दगडालाच ठाऊक. पायरीवर दुपारभर पत्ते पडत, दाराला कुलूप असे.

मनुबाई नातीला घेऊन गेली. ग्रंथपाल दादासो पायरीवरच पत्ते पिसत बसला होता.

"किल्ली जयराजभाऊंकडं हाय, आक्का."

जयराजकडं गेल्या. "किल्ली? ती दादासोकडं असती."

दोघंही खरंच बोलत होते, कारण किल्ली दोघांकडंही होती. दुसऱ्या दिवशी दादासो लग्नाला गेला होता, तिसऱ्या दिवशी किल्लीच लग्नाला गेली होती. शेवटी क्रांती बाहेरच्या कट्ट्यावर चढली आणि खिडकीच्या फटीला डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"कपाटं हायत. मोकळी. एक कॅरम हाय." तिनं दुसरा डोळा लावला. "आन कांदं हायत."

"काय?"

"कांदं, आज्जी. भितीपत्तोर पसरल्यात."

मनुबाईनं दादासोकडं पाहिलं. दादासोनं हातातल्या पत्त्यांकडं पाहिलं.

"चांगलं हाय रं," मनुबाई म्हणाली. "गावात कशानं तरी डोळ्यांला पाणी आलं पायजे."

गुरुवारी संध्याकाळी मात्र उलटीच गंगा वाहिली. दादासो स्वतः चालत मनुबाईच्या दारात आला. पायांतल्या चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आणि आवाजात साय आणून म्हणाला, "आक्का, उद्या जरा धुतलेलं लुगडं नेसून वाचनालयात या. संगं क्रांतीला बी आणा. शाळेत निरोप दिलाय."

"कशाला?"

"वाचायला."

"कांदं?"

"तसं न्हवं वो. तपासणी हाय. सायेब येणार. महिला विभाग दाखवायचा, बालविभाग दाखवायचा. तुमी गावातल्या शिकलेल्या, तुमीच शोभून दिसता."

मनुबाई शोभून दिसायला कधीच गेली नसती. पण कुलूप उघडणार एवढंच तिनं ऐकलं.

शुक्रवारी सकाळी ती पोचली, तेव्हा कांदे समाजमंदिरात हलवले होते आणि वाचनालयाच्या दारात टेंपो उभा होता. टेंपोतून पुस्तकं उतरत होती. उंब्रजच्या पलीकडं कुठलंसं गाव होतं, तिथल्या वाचनालयाची ती पुस्तकं. व्यवहार जुना आणि सरळ होता. त्या गावाकडं पुस्तकं होती, कपाटं नव्हती. या गावाकडं कपाटं होती, पुस्तकं नव्हती. इकडं तपासणी आली की पुस्तकं इकडं यायची, तिकडं आली की कपाटं तिकडं जायची. दोन्ही गावांना अनुदान चालू होतं आणि दोन्ही गावांत कुणी एक ओळ वाचत नव्हतं. पुस्तकांचा प्रवास एवढा झाला होता की तेवढ्यात ती स्वतःच शहाणी व्हायला हवी होती.

"पहिलं पान कुणी उघडायचं न्हाई," दादासो पोरांना बजावत होता. "पहिल्या पानावर शिक्का हाय. मधलं उघडायचं. आन उलटायची न्हाईत, फाटत्याल. नुसतं बघायचं."

"डोळं मिचकावलं तर चालंल का?" मनुबाईनं विचारलं.

क्रांती तेवढ्यात कपाटापाशी गेली होती. शाळेत शिकवलं होतं तसं ती पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाकून वाचत सरकत होती. एका खणाशी ती थबकली, आणि काळ्या कापडी बांधणीचं एक पुस्तक घेऊन धावत आली. वर 'भूकंप' हा शब्द होता. तो मनुबाईला लांबूनच वाचता आला.

पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं. छापखान्यात कडा कापायच्या राहून गेल्या होत्या. दोन-दोन पानं टोकाला एकमेकांना जोडलेली, न फोडलेल्या शेंगेसारखी. जेवढं दिसत होतं तेवढ्यावर क्रांतीचं बोट भराभर फिरलं. धरण, तडा, गाव, नदी.

"ह्ये बघ, आज्जी, हितं तुज्या माहेराकडचं हाय."

"सरक. मी वाचते."

नेमक्या त्याच वेळी साहेब आले. साहेबांना पडसं झालेलं होतं. नारळ झाला, शाल झाली, शिरा झाला. कपाटावरून त्यांनी असा हात फिरवला, जसा माणूस सोयऱ्याच्या गोठ्यातल्या म्हशीवर फिरवतो. पुस्तकं त्यांनी पाहिली नाहीत. पाहिली असती तर ओळखली असती, कारण ती त्यांनी दुसऱ्या गावात दर वर्षी पाहिली होती. जयराज पांढरेशुभ्र कपडे घालून मागं मागं चालत होता आणि वाचनानं माणूस घडतो, असं सांगत होता.

महिला विभागात मनुबाईचं बोट पानाच्या तळाला पोचलं होतं. ओठ हलत होते. "प... पहाटेच्या... अंधारात... धरण... फुटले... पाणी... गावात... शिरले... अशी..." पान संपलं. पुढचं पान जोडलेलं.

"फुटलं!" मनुबाई ओरडली. "फुटलं रं! छापलंय हितं!"

साहेब दचकले. "काय फुटलं, आजी?"

"धरण! सायेब, जलमभर मी सांगतीया. आन आज एक मॅडम मला इचारती, कशावरनं? आता बघू दे म्हणावं. पुस्तकात निघालं माजं!"

"आज्जी," क्रांती तिचा पदर ओढत हळूच म्हणाली, "फुडं 'अशी' लिवलंय. फुडचं पान बघूया की."

"गप बस. फुटलं, शिरलं, एवढं बास हाय."

साहेबांनी रुमालात नाक शिंकरलं. इतक्या तपासण्यांत वाचणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत असावं. "वा, वा," ते म्हणाले. "असा वाचक पाहिजे."

"मग ह्ये मला घरी न्यायचंय. नातीच्या मॅडमला दाखवायचंय. उद्या शनवार हाय."

जयराजला ठसका लागला. दादासोनं साहेबांच्या मागून मनुबाईला हातवारे केले, डोळे मोठे केले, मग हात जोडले. मनुबाई त्याच्याकडं शांतपणे बघत राहिली.

"आक्का, आज तपासणी हाय न्हवं, उद्या..." जयराज म्हणाला.

"उद्या?" साहेब म्हणाले. "अध्यक्ष, देवघेव चालू आहे असं तुम्हीच लिहून दिलंय ना? मग मला बघू द्या की देवघेव."

देवघेव झाली. वाचनालय उभं राहिल्यापासूनची ती पहिलीच. दादासोला नोंद कुठं करायची हेही माहीत नव्हतं. शेवटी क्रांतीनंच विचारून विचारून लिहिलं. मनुबाईनं खाली सही केली, साहेब तेवढा वेळ शिंकत उभे राहिले. संध्याकाळी टेंपो परत गेला तो एक पुस्तक कमी घेऊन.

घरी जाताना मनुबाईनं जवळची वाट सोडली आणि अख्ख्या गल्लीला वळसा घातला. पुस्तक छातीशी धरलेलं, जसं काही देवीचा मुखवटा. शेजारची अंबूबाई दारात शेंगा फोडत होती.

"काय गं धरणवाले, काय आणलंस?"

"साक्ष," मनुबाई म्हणाली. "तुला वाचता आलं असतं तर दावली असती."

घरात आल्यावर क्रांतीनं दप्तरातून पट्टी काढली. "आता पान फोडू?"

"फोड. आन मोठ्यानं वाच. अंबूबाईला बी ऐकू जाऊ दे."

क्रांतीनं पट्टी जोडलेल्या कडेत घातली आणि अलगद ओढली. करकर आवाज झाला, पान सुटलं. तिनं वाचायला तोंड उघडलं, पहिला शब्द डोळ्यांनी पाहिला, आणि तोंड मिटलं.

"वाच की."

"'अफवा पसरली,'" क्रांती एकदम हळू वाचू लागली, "'आणि लोक मुलाबाळांना घेऊन डोंगराकडे धावले. धरणाला तडे गेले होते. पण धरण उभे राहिले. पाणी कुठेही शिरले नव्हते.'"

चुलीवरचं दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही.

"परत वाच."

क्रांतीनं परत वाचलं.

"तुला येत न्हाई. आण हिकडं." मनुबाईनं पुस्तक ओढून घेतलं, बोट टेकवलं, एकेक अक्षर दाबून वाचलं. अ. फ. वा. बोटाखालून निसटण्याएवढं एकही अक्षर लहान नव्हतं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "पुस्तक खोटं हाय."

"मगाशी खरं हुतं," क्रांती म्हणाली.

मनुबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की दुसरं पोर असतं तर पळालं असतं. ही बसून राहिली.

"मग माजं पाय कशानं भिजलं? सांग की तुज्या पुस्तकाला. गुडघ्यापत्तोर भिजलं हुतं. गार पाणी. मला आजून आठवतंय."

क्रांती पुस्तकावर वाकली. तिनं खालच्या ओळींवर बोट फिरवलं. पडलेली घरं, मेलेली जनावरं, भिंती, छपरं, फुटलेली भांडीकुंडी. ती आपली एकेक ओळ वाचत गेली, आणि 'भांडीकुंडी' म्हणताच मनुबाईनं हात वर केला.

"थांब."

तिनं उतू गेलेलं दूध उतरवलं. मग म्हणाली, "दाराच्या मागं रांजण हुता. मी त्येच्या शेजारी निजायची. गार लागतं म्हणून आई वरडायची." तिनं हात पदराला पुसले. "घराची भित पडली, त्याला आई रडली न्हाई. रांजणाला रडली. माजा रांजण फुटला, माजा रांजण फुटला, म्हणून म्हैनाभर रडत हुती. आमी हसायचो तिला."



"धरण न्हाई गं," मनुबाई म्हणाली. "रांजण फुटला." आणि मग जो तुच्छतेचा हुंकार ती आजवर गावाला देत आली होती, तो तिनं स्वतःलाच दिला. "एवढी वर्सं सारं गाव माज्या रांजणात बुडवलं मी."

बाहेरून अंबूबाईचा आवाज आला, "वाचा की वो, काय निघालं?"

क्रांतीनं आजीचा चेहरा पाहिला आणि तिला गलबलून आलं. आजीला हसणारी गल्ली तिला दिसू लागली. ती कुजबुजली, "आज्जी, मॅडम काय पुस्तक आणा म्हणाल्या न्हाईत. मी आदल्या पानावरचं तेवढं लिवते. 'धरण फुटले, पाणी गावात शिरले.' छापलेलंच हाय ते. खाली पुस्तकाचं नाव घालते. प्रश्नचिन्ह जातंय."

पोरगी मायेनं बोलत होती हे मनुबाईला कळत होतं. म्हणून तिला जास्तच झोंबलं.

"म्हंजे मला बी त्या टेंपोत घालतीस व्हय?"

"आज्जी..."

"दुसऱ्याचं आणायचं, अर्दं दावायचं, पयलं पान उघडायचं न्हाई आन दुसरं फोडायचं न्हाई. त्ये जयराजला शोभतं. त्येचा वाडदिवस असतो." तिनं वही क्रांतीपुढं सरकवली. "लिव. धरण फुटलं न्हाई. माज्या आज्जीच्या आईचा रांजण फुटला. आज्जीला वाटलं धरण. लिव, मी बघती."

क्रांतीनं लिहिलं. शेवटी 'संदर्भ' असं लिहून खाली पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, आणि पुस्तक कुठलं तर पहिल्या पानावर शिक्का होता त्या गावाचं, तेही लिहिलं. त्याखाली लिहिलं, मनुबाई, माझी आजी.

मग मनुबाई दारात गेली आणि अंबूबाईला स्वतःच सांगितलं. दिवेलागणीपर्यंत गल्ली हसत होती. धरणवालीची रांजणवाली झाली. मनुबाईनं ते ऐकून घेतलं, फक्त एवढं म्हणाली, की हसणाऱ्यांपैकी ज्यांनी आपली एखादी तरी थाप फोडून बघितली असेल त्यांनी मोठ्यानं हसावं. आवाज जरा कमी झाला.

सोमवारी वही परत आली. धरणाजवळचं प्रश्नचिन्ह मॅडमनी खोडलं होतं. मनुबाईनं समाधानानं मान हलवली. आणि मग तिला खाली दुसरं दिसलं, लालभडक, विळ्यासारखं. 'रांजण फुटला' याच्या शेजारी. 'संदर्भ?'

मनुबाई आधी चिडली. मग तिला हसू फुटलं. पोटातून, गदागदा, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"बाई कामाची हाय," ती म्हणाली. "आता लिव तिला. रांजणाचं पुस्तक कुणी लिवलं न्हाई, आन जिचा हुता ती गेली. त्येचा संदर्भ मी एकलीच. मी मरायच्या आत येऊन इचार म्हणावं. च्या पाजीन."

त्याच संध्याकाळी जयराज आला. वाढदिवसाच्या फलकावरचेच कपडे, पण चेहरा फलकावरचा नव्हता.

"आक्का, त्ये पुस्तक द्या वो. त्यांच्याकडं तपासणी हाय, परवा. एक पुस्तक कमी पडतंय म्हणून सकाळधरनं फोन करत्यात."

"वाचतिया की मी."

"तुमचं काम झालं न्हवं?"

"कुठं झालं? एका पानानं मला खोटं पाडलं. आजून कुणाकुणाला पाडतंय, बघू दे की."

"आवं पण कवा हुईल?"

"मी सावकाश वाचते. दिसाला एक पान. त्यातबी पानं समदी जोडलेली. फोडायलाच अर्दा दीस जातो, हात थरथरत्यात." मनुबाईनं पुस्तक आणलं, क्रांतीची पट्टी आणली आणि दोन्ही जयराजच्या हातात ठेवलं. "घाई हाय न्हवं तुला? मग बस. फोडून दे."

जयराजनं इकडं तिकडं पाहिलं. अंबूबाई दारात येऊन उभी राहिली होती. त्यानं पांढरी विजार सावरली आणि उंबऱ्यावर टेकला. पट्टी कडेत घातली. करकर आवाज झाला. वाचनालयाच्या अध्यक्षानं जन्मात पहिल्यांदा पुस्तकाचं पान उघडलं होतं.

"जपून रं," मनुबाई म्हणाली. "फाटलं तर भरून द्यावं लागंल. वाचनालयाचा नियम हाय."